हुंग काका रविवारी नक्की येणार

...नाही, मला एक सांगा, "दोन वर्षं काय, चुटकीसरशी जातात!" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं ना, तो माणूस मला एकदा बघायचाय. मारणार नाही हो, आमच्या नियमात ते बसत नाही. नुसतं गळ्यात टाय, डोक्यावर हेल्मेट, छातीवर नावाची काळी पट्टी असा नटवून माझ्या सायकलवर बसवायचा, भर दुपारी या चियायी शहरातल्या स्कूटरींच्या लोंढ्यात सोडायचा आणि विचारायचं, "हं, बोल बाबा, वाजव आता चुटकी!"

तुम्हाला सांगतो, आयडाहोत आमचं गाव म्हणजे बटाट्याची शेतं, एक पेट्रोलपंप आणि दोन चर्च, दोन्ही आमच्याच पंथाची. तिथे पोरगा शाळेतून बाहेर पडला की मिशनवर, म्हणजे दोन वर्षं परमुलखात धर्म सांगत फिरायला, जाणार का, असं कुणी विचारत नाही. कुठे, एवढंच विचारतात! माझं पत्र आलं, स्वयंपाकघरात सतरा माणसं जमली, मी फोडलं, वाचलं... तायवान! आई रडली, बाबा हसले, आजोबा म्हणाले, "थायलंड ना? चांगलं आहे," आणि आमच्या चर्चच्या प्रमुखांनी, बिशपनी, पाठीत असा धपाटा घातला की मी फ्रिजवर आदळलो. "अरे स्टकी, दोन वर्षं काय, चुटकीसरशी जातात!" त्या दिवसापासून मी एल्डर स्टकी. एल्डर म्हणजे ज्येष्ठ. वय एकोणीस, दाढी धड येत नाही, आणि मी ज्येष्ठ!

बरं, आधी प्रॉव्होच्या मिशन-शाळेत प्रशिक्षण. नऊ आठवडे. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला पडायचं, आणि मधल्या वेळात फक्त चिनी. पण तिथे मी हुशार होतो, खोटं नाही सांगत! तिथे काय असतं, आपला मास्तरच गावकरी बनून खुर्चीत बसतो आणि आपण त्याला धर्म सांगायचा. तो मास्तर चौथ्या मिनिटाला डोळे पुसायचा! "एल्डर स्टकी, माझं मन हेलावलं, मी बाप्तिस्मा घेतो!" आठवड्यातून तीनदा घ्यायचा. मला वाटलं, तायवान काय, सहा महिन्यांत आटपेल! इथे आलो तर इथला खरा माणूस चौथ्या सेकंदाला दार लावतो. तेही गोड हसून! "जेवलास का रे? जेवून घे हं," आणि खाडकन दार.

आणि एक गोष्ट त्या प्रॉव्होत डोक्यात खिळ्यासारखी ठोकतात, लक्षात ठेवा, पुढे तिनेच माझा घात केलाय. कुणाकडूनही उठताना वचन घेतल्याशिवाय उठायचं नाही. "रविवारी याल ना? नक्की? मी तिथे असेन हं!" माणूस गुळमुळीत बोलला तर परत विचारायचं. वचन दिलेला माणूस बांधला जातो म्हणतात. बांधला जातो... कोण बांधला जातो ते सांगतोच.

तर इथे माझा जोडीदार, एल्डर फिफिता. टोंगा बेटांवरचा. एकशे तीस किलो वजन आणि सगळं आनंदाने भरलेलं! पहाटे डोळे उघडायच्या आत, "एल्डर स्टकी! काय सुंदर दिवस आहे!" अहो, बाहेर वादळाचा इशारा, पत्रे उडतायत, आणि याचा सुंदर दिवस! आणि आमचा नियम असा की जोडीदाराला नजरेआड सोडायचं नाही. बाजारात दोघं, रस्त्यात दोघं, न्हाव्याकडे दोघं. दिवसभरात एकटं राहायची जागा एकच, न्हाणीघर. मी आत नळ सोडून रडायचो आणि हा दाराबाहेर उभा राहून भजन म्हणायचा. का, तर मला एकटं वाटू नये म्हणून!

आणि वर तो चहा. चहा आमच्या धर्मात चालत नाही. मुलुख कुठला मिळावा? जिथे स्कूटरचं पंक्चर काढायला गेलात तरी आधी किटली चढते! समोरच्या काकू रोज विचारायच्या, "चहा घे. नको? मग कॉफी? तीही नको? बिअर?... अगं बाई, एवढंसं पोर, कसलं दुखणं लागलंय याला!" आणि मग फिफिताकडे बघून, "हा डोंगर मात्र बरा दिसतो." डोंगर लाजायचा.

हसताय तुम्ही. हसा. पण मला खरंच घरी जायचं होतं हो. भाषा कळत नाही, माणसं कळत नाहीत, अन्न गिळवत नाही, दिवसाला चाळीस दारं तोंडावर बंद होतात आणि रात्री डोळे मिटले की आमचं अंगण दिसतं. सोमवारी घरी बोलायची मुभा असते, तेव्हा सांगून टाकणार होतो. तर पडद्यावर आई, बाबा, आजोबा, शेजारचे चौघं, आणि मागे भिंतीवर माझा टायवाला फोटो, हार नाही घातला एवढंच! आई म्हणते, "कसा आहेस रे?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात आजोबा, "थायलंडला पाऊस आहे का?" आणि बाबा, "दोन वर्षं काय, चुटकीसरशी जातात!" मी म्हटलं, पाऊस आहे.

पण त्या रात्री ठरवलं. इथला तेविसावा दिवस होता. पुढच्या मंगळवारी आमचे मिशनचे अध्यक्ष येणार, एकेकाला खोलीत घेऊन विचारपूस करणार. तेव्हा तोंडावर सांगायचं, मला घरी पाठवा. बॅगसुद्धा भरली. फिफिताने बघितली आणि म्हणाला, "वा, किती नीटनेटका आहेस!"

आणि शनिवारी फिफिताच्या सायकलचं मागचं चाक फाटकन फुटलं. फुटणारच, त्या चाकालाही काही सहनशक्ती आहे की नाही! गल्लीच्या कोपऱ्यावर स्कूटर दुरुस्तीचं दुकान, हुंग काकांचं. पन्नाशीचा माणूस, अंगात भोकाभोकाचा बनियन, डोकं एका स्कूटरच्या पोटात. हुंग काकूंनी किटली चढवली, आम्ही नको म्हटलं, त्यांनी लगेच गरम पाणी दिलं. साधं गरम पाणी. हे काय, असं मनात आलं, यांना कसं ठाऊक? पण फिफिता कोपराने ढोसतोय, "आज तू बोलायचं, एल्डर. सगळं तू." झालं! घसा साफ केला आणि प्रॉव्होचं पाठांतर सोडलं. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं, आणि चौथ्याला... कोरा! पाटी कोरी! हुंग काका खाली, पंख्याची घरघर, माझ्या टायमधून घाम गळतोय, आणि त्या स्कूटरच्या पोटातून आवाज आला. चौथं वाक्य! शब्दन् शब्द! मग पाचवं! मग सहावं!

मला वाटलं मलाच चक्कर येतेय. हुंग काका बाहेर आले, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "आमच्या वेळी सहाव्यानंतर थोडं थांबायला शिकवायचे. तुम्ही फार पळता."

अहो, ते आमच्यातलेच! विसाव्या वर्षी मिशनवर गेलेले, हीच पट्टी लावून, वर उत्तरेला कीलुंग बंदरात. "सारखा पाऊस," म्हणाले, "बूट वाळायचेच नाहीत. जोडीदार झोपेत दात खायचा. आणि माझं घर आगगाडीने पाच तासांवर. रोज स्टेशनवरून जायचो, गाडी समोर उभी असायची. चाळिसाव्या दिवशी बसलो."

"मग?" मी विचारलं. माझा आवाज कसा आला माझा मला ठाऊक.

"मग काय? आईने काही विचारलं नाही. शेवयांचं सूप केलं, दोन अंडी घातली. रविवारी चर्चला गेलो. कुणी काही बोललं नाही. एक माणूस! कुणी चार शब्द सुनावले असते तर भांडलो असतो, मोकळा झालो असतो. सगळ्यांनी नुसती सरकून जागा दिली. पुढच्या रविवारी गेलो नाही. एकतीस वर्षं झाली." आणि मग माझ्याकडे बघून, "तुझा कितवा दिवस?"

"अठ्ठाविसावा."

"बॅग भरलीस?"

फिफिता चमकून माझ्याकडे बघायला लागला. पहिल्यांदा त्या माणसाचं तोंड उतरलेलं बघितलं मी, आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे याला खरंच कळलं नव्हतं!

आणि तिथे, तुम्हाला सांगतो, सवय नडली. एकोणीस वर्षांचा गाढव मी, रडवेला झालोय, नाक गळतंय, पण उठता उठता तोंडातून काय निघावं? "काका, उद्या रविवारी याल ना? नक्की?"

हुंग काका शांतपणे म्हणाले, "येईन. पण तू तिथे हवास. मी येईपर्यंत तू जायचं नाहीस. कबूल?"

मी हिशेब केला. आज शनिवार. उद्या रविवार. मंगळवारी अध्यक्ष. एका दिवसाचा तर प्रश्न! "कबूल!"

"नक्की?" काका म्हणाले. बघा, दोनदा विचारलं!

"नक्की!"

"मी ऐकलंय," फिफिता म्हणाला.

रविवारी मी चर्चच्या दाराशी नऊपासून उभा. आले नाहीत. दुपारी दुकानावर गेलो, तर सासूबाईंचा वाढदिवस. मंगळवारी अध्यक्षांनी खोलीत घेतलं, गुडघ्यावर हात ठेवला, म्हणाले, "एल्डर स्टकी, मन मोकळं कर." आणि घरी जायचंय हे दोन शब्द जिभेवर होते हो... पण वचन! म्हटलं, "ठीक आहे सगळं." ते म्हणाले, "शाब्बास! दोन वर्षं काय..." पुढचं मी ऐकलंच नाही.

पुढच्या रविवारी देवाची मिरवणूक आडवी आली. त्याच्या पुढच्या रविवारी इंजिन खोलून ठेवलेलं. मग वादळ. मग सर्दी. मी दर शनिवारी जायचो, काका म्हणायचे, "उद्या नक्की." मी म्हटलं, हा माणूस मला बनवतोय! मला अडकवून ठेवायला थापा मारतोय! सहाव्या रविवारी तणतणत दुकानात गेलो, तर काका कुठे बाहेर गेलेले. काकूंनी गरम पाणी ठेवलं आणि म्हणाल्या, "रागावू नकोस रे बाळा. दर रविवारी पहाटे उठतात. पांढरा शर्ट घालतात, बटणं लावतात, त्या खुर्चीत बसतात. साडेनऊला चर्च भरलं की काढून घडी करून ठेवतात. मी काही बोलत नाही."

आता सांगा, भांडू कुणाशी?

तेव्हापासून मी जातो आणि काकांच्या हातात पाने-पकडी देतो. बोलत नाही फार. मला आता तीन तऱ्हेची चाकं ओळखू येतात. टर्की पक्ष्याचं मांस घातलेला इथला भात आवडायला लागलाय, हे आईला सांगू नका. दारं अजून बंद होतातच, न्हाणीघरात अजून नळ सुटतोच, पण आता बाहेरून भजन नसतं, फिफिता नुसता दाराला टेकून बसतो. मध्येच विचारतो, "भजन हवं का?" मी म्हणतो, "नको." तो म्हणतो, "बरं."

आणि काल, दहावा रविवार. नाही आले. माझा धीरच संपला. सरळ दुकानात घुसलो आणि म्हटलं, "काका, आज मला खरं काय ते सांगा. कधी येणार? तारीख सांगा!"

काकांनी पाना खाली ठेवला. "तू घरून कधी निघालास?"

"जुलैत."

बोटांवर महिने मोजायला लागले. ग्रीसने माखलेली बोटं. एकदा मोजले, चुकले, परत मोजले. "म्हणजे पुढचं वर्ष सोडून, त्याच्या पुढचा जुलै. तुझी सुटका व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार. त्या दिवशी येतो. शर्टाला इस्त्री करून, तुझ्याबरोबर पहिल्या रांगेत बसतो. मग स्कूटरवरून तुला स्टेशनात सोडतो."

"नक्की?" मी म्हटलं.

काकांनी मान खाली घातली. मग हळू म्हणाले, "तू असलास तर."

आता काय करता? बॅग रिकामी केली. सदरे खुंटीला लावले. माणूस यायचं म्हणतोय, दाराशी कुणीतरी नको का?