कॉफी आली!

...आणि वर म्हणतात, भुताची कादंबरी! तुम्हाला सांगते, अख्खी वाचली मी, एक ओळ गाळली नाही. का? तर आमच्या साउथ कॅरोलायनातल्या गडगंज हॅलोवे घराण्याची गोष्ट, आणि लिहिलीय त्यांच्याच नातीनं, मिस लेटिशियानं. त्या घरात माझी आई, ओझेला, जन्मभर राबली. या लेटिशियाला भरवलं तिनं, न्हाऊ घातलं तिनं. आई तर गेली, म्हटलं, पुस्तकात तरी भेटेल!

उघडलं पुस्तक... 'कॉफी आली.' पुढं आजोबांचं मृत्युपत्र, भांडणं, रडारड... 'कॉफी आली.' अहो, आली म्हणजे? कॉफीला काय पाय असतात? चादरी आपोआप बदलतात, खिडक्या आपोआप लागतात, मक्याची पेज नि कोलंबी टेबलावर 'हजर होते'! आमच्या चर्चमधली अर्लीन विचारते, "अगं व्हर्लीन, भूत कधी येतं गं? मी मेली केव्हाची उशी धरून बसलेय!" मी म्हटलं, "बाई, पहिल्या पानापासून घरभर हिंडतंय की!"

बोलले मात्र... आणि अंगावर सर्रकन काटा आला.

वाचनालयात आली होती ती लेटिशिया, सह्या द्यायला. मी विचारलं, "मिस लेटिशिया, ही कॉफी आणतं कोण?" तर साखरेत घोळवलेला आवाज, "इश्श, कोण म्हणजे? कॉफी आपली... येते! तुम्ही व्हर्लीन ना? ओझेला कशी आहे?"

"गेली."

"अय्या, कुठं?"

काय सांगू? म्हटलं, "तुमच्याकडंच असेल."

आता तुम्ही म्हणाल, हॅलोवेंच्या ओसरीचं छत तर निळं आहे. आमच्याकडं रंगवतातच तसं. भुताला ते पाणी वाटतं, ओलांडता येत नाही. मग आई शिरली कशी? अहो, पुढच्या दारानं ती जिवंतपणी तरी कधी गेली होती का? मागचं दार, स्वयंपाकघराचं! तिथं कोण कशाला निळा रंग लावतंय?

मी रोज दोन कप ओतते. म्हणते, ये गं बाई, पुरे झालं तिथलं, आता तू बस, मी देते. एक मी पिते, एक गार होतो. येणार कशी? आमच्या घराला दारच मेलं एक, आणि त्यापुढच्या ओसरीचं छत स्टुलावर चढून निळंशार केलं कुणी? तिनंच! रंगाचे चांगले दोन हात मारले, आणि खाली उतरून कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, "आता बघू कुठलं भूत आत येतंय ते!"