यापूर्वी कोणीच पाहिलं नाही

ताई : दार लावून घे, बाळ्या. मला ओरडायचंय.

धाकटा : ताई, हे कॉलेज आहे. इथे बाळ्या नको. बाहेर माझे विद्यार्थी बसलेत.

ताई : बसू देत. आपले सर लेख कसे लिहितात, ते त्यांनाही कळू दे.

धाकटा : झालंय काय? ऑपरेशन थिएटरच्या चपला घालूनच आलीस? अगं, रक्त आहे त्यांच्यावर.

ताई : बस चालवायचा तो. खुब्याचं हाड मोडलेलं. हाड मी छान बसवलं, पण रक्त थांबेना. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. गेला.

धाकटा : अरेरे. पण ऑपरेशनमध्ये कधी कधी...

ताई : कधी कधी काय? रक्त थांबवणाऱ्या औषधाच्या चाचणीत होता तो. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाच्या बाटलीत काय, ते आम्हालाही ठाऊक नसतं. जिवावर बेतलं तेव्हा फोन करून विचारलं. पाणी होतं. मग औषध दिलं, पण ते सुरुवातीलाच द्यावं लागतं रे.

धाकटा : वाईट झालं. पण ती चाचणी माझी नाही. मी फक्त जुन्या संशोधनाचा आढावा लिहिला.

ताई : त्याच आढाव्यावर उभी आहे ती! चाचणीला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत मी म्हटलं होतं, हे औषध चालतं हे आधीच सिद्ध झालंय, मी शिकत असताना वाचलंय. मग निम्म्यांना पाणी कशासाठी? अध्यक्षांनी तुझा लेख पुढे सरकवला. ‘या प्रश्नाकडे एकत्रितपणे यापूर्वी कोणीच पाहिलेलं नाही.’ वर म्हणाले, ‘डॉक्टरबाई, घरच्यांचं तरी वाचत जा.’ सगळे खो-खो हसले.

धाकटा : तेव्हाच मला विचारायचंस.

ताई : विचारलं होतं! तू म्हणालास, ‘ताई, तू कापाकापी कर, वाचायचं माझ्यावर सोड.’

धाकटा : चेष्टेत म्हणालो असेन.

ताई : आज मीच वाचायला बसले. चहा निवायच्या आत दोन जुने आढावे सापडले. त्यातला एक तुझ्या मॅडमचा. ज्यांनी तुला बोट धरून शिकवलं, त्यांचा! तुला सापडले नव्हते?

धाकटा : त्यांची पद्धत जुनी होती. आकडेमोड आताच्यासारखी...

ताई : विचारलंय तेवढंच सांग. सापडले होते की नव्हते?

धाकटा : सापडले होते.

ताई : मग?

धाकटा : पहिल्या खर्ड्यात अख्खा परिच्छेद होता त्यांच्यावर. मासिकाने लेख परत पाठवला. म्हणे, यात नवीन काय? मी परिच्छेद काढला, ते वाक्य घातलं. दुसऱ्या मासिकाने लगेच छापला. सगळे हेच करतात, ताई. मागच्यांची नावं घेत बसलं तर आपल्याला कोण छापणार?

ताई : नावं गेली खड्ड्यात! मॅडमना हार घाल म्हणत नाहीये मी. त्या लेखांमागे माणसं होती. त्यांना असंच पाणी मिळालं, त्यांचं रक्त सांडलं, म्हणून आपल्याला कळलं. एकदा सांडलं तेवढं पुरे होतं ना रे? तू ते पुसून टाकलंस, आणि आता आम्ही नव्याने सांडतोय.

धाकटा : मी कुणाला मारलेलं नाही.

ताई : छे. तू फक्त एक परिच्छेद काढलास. जा, त्याच्या बायकोला सांग तसं. अजून हॉस्पिटलच्या बाकावर बसून आहे. मला विचारत होती, ‘औषध नवीन होतं का हो? म्हणून उलटलं का?’

धाकटा : तू काय सांगितलंस?

ताई : म्हटलं, औषध जुनंच आहे. तुमच्या माणसाला वेळेवर दिलं नव्हतं.

धाकटा : असं बोललीस? उद्या वकील दारात उभे राहतील!

ताई : राहू देत. चहा करीन त्यांना. तू आधी चाचणीच्या प्रमुखांना फोन लाव.

धाकटा : पुढच्या आठवड्यात विभागप्रमुखपदाची मुलाखत आहे माझी. तोंड काळं होईल.

ताई : होऊ दे. काळं तोंड घेऊन जगता येतं. अशा तोंडाचे पुष्कळ बघितलेत मी, धडधाकट असतात.

(धाकटा फोन लावतो.)

धाकटा : नमस्कार सर. मीच. तुमच्या चाचणीत आता नवीन पेशंट घेऊ नका. माझ्या लेखात एक वाक्य आहे, ‘यापूर्वी कोणीच’... हो, तेच. खोटं आहे ते. नाही, छापण्यातली चूक नाही. माहीत असून लिहिलं मी. हो, लेखी देतो. आत्ताच... समजलं.

ताई : काय म्हणाले?

धाकटा : संध्याकाळी बैठक घेतायत. तोवर नवीन कुणी नाही. मला म्हणाले, येताना वकील घेऊन या.

ताई : घाबरलास?

धाकटा : हो. तुझ्याकडे आता कोण आहे?

ताई : एक गवंडी. परांचीवरून पडलाय. त्याचीही चाचणीची नंबराची बाटली येऊन पडलीय.

धाकटा : मग त्याचं काय करणार?

ताई : बाटली परत पाठवीन. औषध आमच्या कपाटात आहे, बाळ्या. आधीपासूनच होतं.