सातवा फोटो

…नाही, तसेच बसा काका, मान वळली की एक कान गायब होतो – आणि ओठ मिटलेले ठेवा, व्हिसाच्या फोटोत हसलेलं चालत नाही, अर्ज परत येतो. लेकीकडे जायचंय म्हणालात, मग कशाला उगाच. हनुवटी जरा खाली. माझ्या तोंडाकडे बघताय ना, बघा, काही नाही त्यात, सगळेच आधी बघतात आणि मग मागच्या पडद्याकडे बघत होतो असं दाखवतात. लकवा आहे. नुसता चेहऱ्याचा, डावीकडचा, हातपाय ठणठणीत. दोन वर्षं झाली. सकाळी चूळ भरली तर पाणी आपलं आपण शर्टावर – मला वाटलं, अजून झोपेतच आहे मी. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं तीन महिन्यांत जातं. जातंही. माझं नाही गेलं, एवढंच. दुखतं का? नाही दुखत. काहीच होत नाही.

हा एक झाला, दुसरा काढतो, डोळे मिटले तुमचे. माझा डावा मिटतच नाही, झोपताना पट्टी चिकटवावी लागते – ताई चिकटवते. माझी थोरली बहीण. कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे, उसवलेली शिवण शोधून बाजूला काढायची, दिवसभर तेच. तर तिने हेही तसंच शोधलं. मोबाइलवर यादी असते काका, कुठल्या आजाराच्या नव्या उपचाराची कुठे चाचणी चालू आहे त्याची – क्लिनिकल ट्रायल म्हणतात. रोज जेवणाच्या सुट्टीत बघायची. एक सापडली, ती लकवा होऊन तीन दिवसांच्या आत आलेल्यांसाठी. एक लहान मुलांसाठी. एक फार चांगली होती, ती बंद झालेली. मग गेल्या महिन्यात ही मिळाली – जुना लकवा हवा, वर्षाच्या पुढचा, आणि चांगला जास्त हवा. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जास्त असल्याचा उपयोग होणार होता. चाळीस माणसं घेणार. वीस जणांना खरा उपचार, विसांना नुसतं दाखवायला, कोणाला काय ते त्यांनाही माहीत नाही नि आपल्यालाही. ताई म्हणाली, विसात तू असशील. मी म्हटलं, कुठल्या? ती म्हणाली, गप बस, सही कर. मी नववीत शाळा सोडली, बारा पानांचा तो संमतीचा कागद तिनेच वाचून दाखवला, दोन संध्याकाळी.

आणि सात फोटो मागितले होते. साधा चेहरा, कपाळाला आठ्या घालून, डोळे हलके मिटून, घट्ट मिटून, ओठांचा चंबू करून, दात दाखवून, आणि हसून. आता फोटो म्हटल्यावर – धंदाच आपला. ताईला म्हटलं, तू राहू दे, मी दुकानात काढतो. स्टँड लावला, इथेच, याच स्टुलावर बसलो. सगळे नीट आले. आणि मग हात सवयीने चालतो ना काका, दिवसभर लोकांचे डाग पुसायचे, एक भुवई दुसरीसारखी करायची – तसं झालं. एकच फोटो तसा झाला. सातवा. तसाच गेला तो. आठ दिवसांनी उत्तर आलं की हसताना दोन्ही बाजू सारख्या दिसतात, आजार पुरेसा नाही, निकषात बसत नाही.

ताईला वाटतंय, उत्तर यायचंय अजून. विचारते रोज.

सवयीने नाही झालं. खरं सांगतो. सहा फोटो मी बोट न लावता ठेवले, सवय असती तर तेही केले असते. सातवा बघितला आणि – उजवी बाजू हसतेय, डावी दुसऱ्या कोणाच्या तरी मयताला आल्यासारखी. मग कॉम्प्युटरवर ओठांचा उजवा कोपरा उचलला, उलटा केला, डावीकडे बसवला. पाच मिनिटांचं काम. बघत बसलो. दोन वर्षांनी दिसलो मी. बाकी घरात आता हसायचं काही होतच नाही. पूर्वी ताई जेवताना कारखान्यातल्या बायांच्या नकला करायची, माझ्या नाकात पाणी जायचं. आता नाही करत. जपते मला. तर तो फोटो ठेवला आणि खरा पुसून टाकला. त्या लोकांनी मला बघायचं तर तसं बघावं, असं वाटलं. त्यांच्याकडे बरं व्हायला चाललो होतो, हे डोक्यातच आलं नाही.

परवा फोन केला तिकडे. सांगितलं सगळं.  तिथल्या बाई म्हणाल्या, एक जागा आहे, सातही फोटो पुन्हा पाठवा, साध्या मोबाइलवर काढलेले, दुसऱ्या माणसाने समोर उभं राहून. आज पाचपर्यंत. आता साडेचार. ताईला सांगितलं असतं, पण मग तो फोटोही सांगावा लागतो. शेजारचा झेरॉक्सवाला आहे, तो रोज भेटतो, त्याच्यासमोर नको. तुम्ही काय, व्हिसा आला की लेकीकडे जाल.

तुमचे झाले काका, आठ प्रती, या पाकिटात. बसा म्हणत नाही, उभेच राहा, इथे, या खुणेवर. हा मोबाइल. हे गोल बटण, हलकंच दाबायचं.

हा साधा. आठ्या – एकाच बाजूला पडतात, असू दे. डोळे. परत डोळे. चंबू. दात.

आता हसतो.

काढा ना. नाही, थांबू नका काका. हसलोय मी.