तोंडी परीक्षेतले एकोणीस

नांदूरघाटच्या थांब्यावर वनमाला गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी छबुबाई आपल्या चौथीतल्या नातीला, संस्कृतीला, मांडीशी धरून गावातल्या संगीताला सांगत होती.

"लेखीत माझ्या नातीला पैकीच्या पैकी! आन् तोंडी परीक्षेला गुरुजीपुढं उभी केली की मुकी."

"मंग शून्य मिळाला आसंल?"

"गुरुजी म्हन्ले, पोरीला येतंय, शून्य कसा देऊ? आन् आले की माळावर, आमच्या शेळ्यांमागं."

"कावून?"

"ही शेळ्यांला रोज धडा शिकिवती ना! ते बाभळीआड बसून ऐकत व्हते. मला वाटलं शेळीचोर हाय. हानला दगड."

"आगं बाई! लागला का?"

"टोपीला लागला. तरी विसातले एकोणीस दिले देवमाणसानं."

"मंग एक कावून कापला?"

"दगडाचा आसंल."

संगीता हसत पोरीकडं वळली. "मला बी सांग की गं, काय शिकिवती शेळ्यांला?"

संस्कृतीनं आजीच्या पदरात तोंड खुपसलं.

"तशी न्हाई बोलायची ती. तिकडं तोंड करून बस, बाई."

संगीता पाठमोरी झाली. वनमालाही हळूच वळून बसली. मग मागून बारीक, पण ठाम आवाज आला.

"पृथ्वी सोताभवती फिरती. जी बाजू सूर्याकडं, तिकडं दिवस. दुसरीकडं रात. समजलं का दोघींला?"