चाकामागच्या दगडाबाबत दुरुस्ती

मी, घरात ‘खात्रीबाई’ म्हणून ओळखली जाणारी, वय २४ वर्षे, व्यवसाय नोकरी (चष्म्याच्या दुकानात तयार भिंगे तपासणे), शिक्षण प्रथम घरी आईजवळ, नंतर शाळेत, राहणार चढावरच्या गल्लीत, तळमजला, समक्ष हजर राहून सांगते की, माझ्या सोमवारच्या जबाबात ‘हँडब्रेक पक्का लागला होता’ असे लिहिले गेले आहे, ते बरोबर नाही. मी हँडब्रेक ओढला होता. तो लागला की नाही, हे मी पाहिले नव्हते.

त्याच जबाबात मी सांगितले की, आदल्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे चित्रकलेचे सर आमच्या मोटारीच्या मागच्या चाकाशी वाकलेले दिसले. ते खरे आहे. परंतु मोटार घरंगळत शिंप्याच्या दुकानावर गेली ती त्यांच्यामुळे, असा जो अर्थ निघाला, तो खरा नाही. त्यापायी सरांना ठाण्यात बसावे लागले व गोष्ट त्यांच्या शाळेपर्यंत गेली. म्हणून मी आपण होऊन आले आहे.

मोटारीचे मागचे ड्रम ब्रेक झिजल्याने वडील, मामा व मी नवे भाग आणायला गेलो. वडिलांच्या मते फक्त ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, पुरे होते. “स्प्रिंगा काय म्हाताऱ्या झाल्यात?” मामा म्हणाले, “दाजी, नवा लेंगा शिवायचा आणि नाडी जुनीच घालायची?” दोघांचे जमेना, म्हणून निवड माझ्यावर आली. मी शू, स्प्रिंगा व अ‍ॅडजस्टर असे सगळेच घेतले. अ‍ॅडजस्टर म्हणजे शू झिजतील तसे त्यांना ड्रमजवळ सरकवणारा लहान स्क्रू. डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. आटे एकमेकांच्या उलट. हे मी दुकानदाराला दोनदा विचारले व डाव्यावर पांढरा, उजव्यावर पिवळा ठिपका देऊन घेतला.

एक चाक उघडायचे व दुसरे नमुना म्हणून बंद ठेवायचे, असे ठरले होते. परंतु आधी कोणाचे चाक पुरे होते यावरून पैज लागली आणि वडिलांनी डावे व मामांनी उजवे चाक एकदमच उघडले. सगळे भाग एकाच चादरीवर होते. मी ठिपक्यांची आठवण दिली. वडील म्हणाले, “ती अक्कल तुझ्या दुकानात चालव.” मी आत गेले.

नंतर हँडब्रेकचा दांडा रोज थोडा जास्त वर येऊ लागला. वडील म्हणाले, “नवीन आहे, बसेल.” मामा म्हणाले, “माझ्या बाजूचा बसलाय. तुमचं तुम्ही बघा.”

सोमवारी सकाळी चाकामागे एक दगड दिसला. वडिलांचे सरांशी मोटार लावण्याच्या जागेवरून भांडण आहे. “बघ, आता दगडधोंड्यांवर आला!” असे म्हणून त्यांनी तो काढून टाकला. आम्ही दारात पोचतो तोच मोटार निघाली. शिंप्याच्या दुकानाबाहेरचा कोट घातलेला पुतळा आडवा झाला, काच फुटली. कोणा माणसाला लागले नाही.

काल मी सरांना विचारले. ते म्हणाले, “गाडी रोज बोटभर सरकत होती. सांगायला आलो असतो, पण तुमचे वडील मला बघून खिडकी लावतात.” नंतर मी डावा ड्रम काढून पाहिला. आत पिवळा ठिपका होता, म्हणजे पांढरा मामांच्या उजव्या चाकात गेला होता. उजव्याचा अ‍ॅडजस्टर डावीकडे बसल्याने तो शू जवळ आणण्याऐवजी दूर नेत होता. डावे भिंग उजवीकडे जाऊ नये, यासाठीच मला दुकानात पगार मिळतो.

वडील बाहेर बाकावर बसले आहेत. आधी म्हणाले, “घरचं घरात राहू दे.” मग म्हणाले, “बरं, सांग. पण मामाला आधी घाल.” मी दोघांना सारखेच घातले आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. फक्त ‘वडील व मामा ब्रेक दुरुस्त करणार’ असे जे शेवटी होते, ते खोडून घ्यावे. मोटार जागेवर आणून सरांचा दगड मी पुन्हा चाकामागे लावला आहे. दुरुस्ती मी करणार आहे, एका वेळी एकच चाक उघडून, आणि मग तो दगड धुऊन वर नेऊन देणार आहे. वडील व मामा दोघेही मावशीकडे जाणार आहेत त्या दिवशी, म्हणजे येत्या गुरुवारी, चौदा तारखेला.