अंजिराची नोंद

म्हातारीच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून तिला दवाखान्याच्या बाकावर बसवलं होतं. डोळे मिटता येतात, कान कुठे मिटता येतात? शेजारी एक आई आणि तिची दहाएक वर्षांची लेक बोलत होत्या.

“आई, काल तू वहीत अंजिराला पालवी फुटली असं का लिहिलंस?”

“फुटली म्हणून. थंडी सरली की याच आठवड्यात फुटते. तीन वर्षांच्या नोंदी आहेत आपल्या.”

“यंदा नाही फुटली. झाड वाळलंय.”

“काहीतरीच काय! रोज सकाळी बघते की मी खिडकीतून.”

“फांद्यासुद्धा तडकल्यात, आई.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस, शहाणे?”

“तुला दिसत नाही हे कळलं तर बाबा तुझं मला घरी शिकवणं बंद करतील. मला शाळेत घालतील.”

“म्हणून गप्प बसलीस?”

“पक्ष्यांचं पानही मीच दुरुस्त केलं. तुझ्यासारखं अक्षर काढून.”

“अगं बाई! काढ ती वही. आपला नियम काय?”

“जे आहे तेच लिहायचं.”

“मग लिही. अंजीर वाळलं.”

“लिहिलं.”

“त्याखाली लिही, आईला दिसत नाही. घरी गेल्यावर बाबांना दाखवायचंय.”

“नको ना गं, आई.”

“लिही म्हणते ना.”

तेवढ्यात नर्सने त्या आईच्या नावाने दुसऱ्यांदा हाक मारली. म्हातारी मिटल्या डोळ्यांनीच खेकसली, “थांब की जरा! पोरगी लिहितेय.”

दुसऱ्या ओळीसाठी पेन्सिलीचा आवाज मात्र अजून आला नव्हता.