गद्रे सरांचा अणू

काकू, मुख्याध्यापक, आणि सरांच्या हाताखाली शिकलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

शाळेच्या या दालनात इतकी माणसं आणि इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. पेणहून एसटीत बसले तेव्हा काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. आता इथे उभी राहिले आणि त्यातलं एकही वाक्य सापडत नाही. तेव्हा जे आठवेल ते सांगते. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझं नाव हिरा. मी गव्हाणची. आमची मिठागरं. वडील, भाऊ, काका, सगळे मिठातच. मला शाळेसाठी पनवेलला आत्याकडे ठेवलं होतं. नववीच्या वर्गात गद्रे सर पहिल्यांदा आले. पांढरं धोतर, काळा कोट आणि कोटाच्या खिशात मोहरी. हो, मोहरी. एक दाणा चिमटीत धरून ते म्हणाले, "अणू ही किती मोकळी वस्तू आहे ते आज बघू. हा दाणा म्हणजे अणूचं केंद्र. वडाळे तळ्याच्या मधोमध ठेवला असं समजा. मग इलेक्ट्रॉन कुठे?" कुणी म्हणालं, दाण्याच्या शेजारी. कुणी म्हणालं, हातभर लांब. सर म्हणाले, "तळ्याच्या काठावर. आणि मधलं सगळं तळं रिकामं."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही चारपाच जणी तळ्यावर गेलो आणि नुसत्या बघत बसलो. तुमच्यापैकी किती जण असे जाऊन बसलात? बघा, किती माना हलल्या.

मग त्यांनी मला घरचं मीठ आणायला सांगितलं. स्पिरिटच्या दिव्यावर चिमूटभर टाकलं. निळसर ज्योत एकदम पिवळीजर्द झाली. सर म्हणाले, "इलेक्ट्रॉनांना पायऱ्या असतात. पायरीवर उभं राहता येतं, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही. उष्णता मिळाली की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी मारतो. तिथे त्याला फार वेळ राहवत नाही. खाली येतो, आणि येताना घेतलेलं परत देतो, उजेड म्हणून. हा पिवळा रंग म्हणजे हिराच्या मिठातल्या सोडियमचं खाली उतरणं आहे."

आमच्या मिठात असलं काही असतं हे मला कुठे ठाऊक? मी सुट्टीत घरी गेले आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की मीठ म्हणजे पाण्यात पेट घेणारा एक धातू आणि एक विषारी वायू. झालं. पुढच्या बाजाराच्या दिवशी वडील थेट शाळेत.

"मास्तर, तुमी पोरींना काय सांगता? मिठान ईख हाय म्हनून? मंग आमी लोकांना काय ईख इकतो?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी मात्र वडिलांना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "तुमचं मीठ विष नाही, पण शंका रास्त आहे. सोडियमच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. तो त्याला जड होतो. क्लोरीनला नेमका एकच कमी पडतो. म्हणून दोघंही सुटे असले की उपद्रवी. एकानं दिला, दुसऱ्यानं घेतला, की दोघंही शांत. तुम्ही विकता ते शांत झालेलं."

वडिलांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "एक द्याचा, एक घ्याचा. येवढंच?"

"एवढंच."

"मंग ठीक हाय. शिकवा."

माझ्या शिक्षणाला घरून मिळालेली परवानगी ती एवढीच. पण ती पुढे कायम टिकली.

दहावीत आमच्या लक्षात यायला लागलं. सर फळ्यावर एक ओळ लिहायचे आणि दुसरी ओळ तिच्यावरच लिहायचे. अक्षरात अक्षर गुंतायचं. पुढच्या बाकावरचा एकजण हळूच उठून डस्टर फिरवायचा, सर म्हणायचे, "बरं झालं, फळा फार भरला होता." त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही. काचबिंदू होता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती दिवस राहील सांगता येत नाही. अकरावीत आम्ही आलो तेव्हा काकू त्यांना हाताला धरून शाळेच्या फाटकापर्यंत सोडायच्या.

त्या वर्षीचा एक प्रसंग मला अजून हसवतो. ज्योतीचा प्रयोग चालू होता. सरांनी विचारलं, "रंग कोणता?" मागून कुणीतरी खोडसाळपणे म्हणालं, "हिरवा." सर शांतपणे म्हणाले, "मग मिठाऐवजी मोरचूद पडलेला दिसतोय. तांब्याची ज्योत हिरवी. नीट पाहून सांग, बाळ." तो मुलगा उठला, दिव्याजवळ गेला आणि म्हणाला, "पिवळा आहे, सर." त्यानंतर सरांना कुणी खोटा रंग सांगितला नाही.

पण पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. अकरावी म्हणजे तेव्हाचं मॅट्रिकचं वर्ष, आणि शिकवणारा आंधळा. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. शाळा चालवणाऱ्या मंडळींनी ठरवलं की सरांनी थांबावं. सर म्हणाले, "थांबतो. पण त्याआधी माझा एक तास येऊन बघा."

मंडळी आली. ओसरीत खुर्च्या मांडल्या. सर म्हणाले, "आज फळा लागणार नाही. सगळे मैदानावर चला." मैदानात त्यांनी आमचे दोन अणू केले. मध्ये एकेक खुर्ची, ते केंद्र. सोडियमभोवती आधी दोघं, त्यांच्या बाहेर आठ जण, आणि सगळ्यात बाहेर एकटी मी. पलीकडे क्लोरीन. दोन, आठ आणि सात. प्रत्येकाला नाव घेऊन उभं केलं, आवाजावरून. कुणी सरकलं तर, "गोविंद, तू आतल्या कक्षेत घुसलास. तिथली जागा भरलेली आहे." गोविंद मुकाट्यानं मागे.

मग मला म्हणाले, "हिरा, एकटीला कसं वाटतंय?"

मी म्हणाले, "सर, माझ्या मैत्रिणी तिकडे आहेत. तिकडे जावंसं वाटतंय."

"जा मग."

मी धावत गेले. पलीकडच्या सातांचे आठ झाले. सगळे हसले. ओसरीतली मंडळीही हसली. आणि सर म्हणाले, "आता ऐका. हे जे तुम्ही केलंत, ते पूर्ण खरं नाही."

ओसरीतलं हसू थांबलं.

"इलेक्ट्रॉन हिरासारखा एका जागी उभा राहत नाही. आखलेल्या वर्तुळावर फिरतो असं मी तुम्हाला नववीत सांगितलं, तेही अपुरं होतं. तो अमुक ठिकाणी आहे असं बोट ठेवून कुणालाच सांगता येत नाही. कुठे सापडण्याचा संभव जास्त आणि कुठे कमी, इतकंच सांगता येतं. धुक्यासारखं. कुठे दाट, कुठे विरळ."

मंडळींपैकी एकांनी विचारलं, "मास्तर, मग जे दिसत नाही ते तुम्ही शिकवणार कसं?"

सर त्यांच्या आवाजाच्या दिशेला वळले. "साहेब, इलेक्ट्रॉन आजवर कुणालाच दिसलेला नाही. या एका विषयात मी कुणाच्या मागे नाही."

हे त्यांनी हसत म्हटलं. उपहास नव्हता, अभिमानही नव्हता.

पुढे काय झालं? मोठा विजय वगैरे झाला नाही. आमची परीक्षा होईपर्यंत त्यांना ठेवलं, मग नवे शिक्षक आले. तेही चांगले होते. शेवटच्या दिवशी सर वर्गातल्या प्रत्येक बाकावर हात फिरवत गेले. सगळा वर्ग पास झाला, ते कळवायला आम्ही त्यांच्या घरी गेलो, तर ते म्हणाले, "पास ठीक. समजलं का?"

मी मुंबईला कॉलेजात गेले. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांना भेटायला आले. काकू कणीक मळत होत्या. सरांनी मला नीट बसूही दिलं नाही. "आता काय म्हणतात? धुक्याला काही आकार सापडला का?"

म्हटलं, "सर, सापडलाय. काही धुकी गोल असतात, चेंडूसारखी. काही वेगळी." वेगळी म्हणजे कशी, ते त्यांना कसं दाखवायचं? मी काकूंच्या परातीतून कणकेचा गोळा घेतला, दोन्ही बाजूंना फुगीर आणि मध्ये चिमटलेला डमरू केला, आणि त्यांच्या हातात दिला.

सरांनी तो किती वेळ चाचपला. एक फुगा, मग दुसरा, मग मधली चिमटी. पुन्हा पहिल्यापासून. काकूंनी मळणं थांबवलं होतं.

"मध्ये इलेक्ट्रॉन असतो?"

"नाही, सर. मधोमध कधीच सापडत नाही."

"पण इकडेही सापडतो आणि तिकडेही?"

"हो."

"मग मध्ये न येता इकडून तिकडे जातो कसा?"

हा प्रश्न कॉलेजात आमच्यापैकी कुणीही विचारला नव्हता. म्हटलं, "सर, मला नाही सांगता येत."

आणि तुम्हाला सांगते, त्यांचा चेहरा असा फुलला. म्हणाले, "छान. मला वाटलं होतं, मी शाळेतून बाहेर पडल्यावर एव्हाना सगळं कळून झालं असेल. अजून बाकी आहे तर." कणकेचा तो आकार त्यांनी काकूंना परत द्यायला नकार दिला. वाळून तडकेपर्यंत तो त्यांच्या उशाशी होता.

आज मी पेणच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलं प्रश्न विचारतात. कधी उत्तर येतं, कधी येत नाही. येत नाही तेव्हा मला लाज वाटत नाही. हे देणं गद्रे सरांचं.

काकू, गेल्या गुरुवारी सर गेल्याचा तुमचा निरोप आला तेव्हा मी वर्गात होते. तास पुरा करूनच निघाले. सरांना दुसरं काही चाललं नसतं.

सर वर्गात यायचे तेव्हा आपण सगळे उभे राहायचो. आज आपण त्यांना निरोप देतोय. चला, उभे राहू या. आणि ते "बसा" म्हणणार नाहीत हे मनाला समजेपर्यंत, काही न बोलता उभेच राहू या.